विंचवाचा एच-इंडेक्स किती?

पावसाळा सरत आला की आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांच्या गेटवर गणपतीच्या फ्लेक्सशेजारी आणखी एक फ्लेक्स लागतो. 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आमच्या प्राध्यापकांचा समावेश, हार्दिक अभिनंदन!' मग व्हॉट्सअ‍ॅपवर केक कापतानाचे फोटो फिरतात, स्थानिक पेपरात पासपोर्ट साइज फोटोसकट बातमी येते आणि तिच्यात 'स्टॅनफर्ड विद्यापीठाने जाहीर केलेली' हे शब्द हमखास असतात. माझ्या ओळखीतल्या दोघांची नावं या यादीत आहेत. त्यातला एकजण खरंच फार चांगला संशोधक आहे. दुसऱ्याबद्दल मी गप्प बसते.

आधी यादीविषयी थोडं, कारण बातमी लिहिणारे ती उघडून बघत नाहीत. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाची नाही. तिथे काम करणारे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ती करतात. २०१९ मध्ये त्यांनी तिची पद्धत 'प्लॉस बायॉलॉजी'त मांडली. सगळी माहिती स्कोपस या डेटाबेसमधून येते. सहा वेगवेगळे आकडे एकत्र करून प्रत्येकाला एक गुण दिला जातो. एकूण सायटेशन किती, एच-इंडेक्स किती, सहलेखकांची संख्या लक्षात घेतली तर तो किती उरतो, आणि पहिला, एकटा किंवा शेवटचा लेखक असलेल्या पेपरांना किती सायटेशन मिळाली, असे ते आकडे. शिवाय स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळली तर काय होतं, तेही शेजारच्या रकान्यात दिसतं. म्हणजे यादी करणारे फ्लेक्स लावणाऱ्यांपेक्षा पुष्कळ सावध आहेत. फाइल एक्सेलमध्ये मिळते. तुमच्या कॉलेजचं नाव तिच्यात असेल तर तो स्व-सायटेशनचा रकाना जरूर पाहा. करमणूक होते.

माझं भांडण त्या यादीशी तेवढं नाही. भांडण आहे तिच्या पोटात असलेल्या एका कल्पनेशी: वैद्यकीय किंवा जैववैद्यकीय संशोधन करणाऱ्या माणसाची अख्खी कारकीर्द, म्हणजे तीस-चाळीस वर्षांचं काम, किती पेपर लिहिले आणि ते किती जणांनी उल्लेखले यावरून मोजता येते, ही ती कल्पना. पीएचडी करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न चहाच्या टपरीवरचा नाही. पोस्टडॉक मिळणार की नाही, नोकरी मिळणार की नाही, आणि त्याहून आधी, कुठल्या आजारावर काम करायचं, हे सगळं त्यावर ठरतं.

संशोधनाच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी माझ्या पेपरात तुमच्या पेपराचा संदर्भ दिला की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा. समजा तुमचे पाच पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे १२०, ९, ६, ४ आणि २ सायटेशन आहेत. किमान चार सायटेशन असलेले चार पेपर आहेत, पण किमान पाच असलेले पाच नाहीत, म्हणून तुमचा एच-इंडेक्स ४. आता शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे चारच पेपर आहेत आणि प्रत्येकाला बरोब्बर चार सायटेशन. त्याचाही एच-इंडेक्स ४. तुमचा तो १२० वाला पेपर, ज्याच्यावर तुम्ही कदाचित सहा वर्षं घालवली, त्याचा या हिशेबात साध्या चार सायटेशनवाल्या पेपराएवढाच उपयोग झाला. आणखी एक मजा म्हणजे हा आकडा कधीच खाली येत नाही. माणूस वीस वर्षं काही न करता बसला तरी नाही, आणि वारल्यावरही नाही.

हा इंडेक्स काढला जॉर्ज हर्श यांनी, २००५ मध्ये. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमधले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचा मूळ लेख छोटा आहे, गणित शाळकरी पातळीचं आहे आणि तो मूळातून वाचण्यासारखा आहे. आपल्याकडे नेमणुकांच्या समित्यांवर बसणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला असेल याची मला शंका आहे. त्यात हर्श अंदाजाने सांगतात, की मोठ्या अमेरिकी विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञाला कायमची नोकरी मिळताना हा आकडा १२ च्या आसपास असावा आणि पूर्ण प्राध्यापक होताना १८ च्या आसपास. भौतिकशास्त्रज्ञाला, हं! त्याच लेखात ते दाखवतात की जीवशास्त्रातले आकडे फारच मोठे असतात. तेव्हा भौतिकशास्त्रात सर्वांत वर होते एडवर्ड विटन, ११० वर. जैववैद्यकीय विषयांत सर्वांत वर सॉलोमन स्नायडर, १९१ वर. स्नायडर हे विटनपेक्षा पावणेदोन पट मोठे शास्त्रज्ञ आहेत असं कोणीही म्हणणार नाही. एकाच आकड्याने माणसाचं बहुअंगी काम फार तर ढोबळमानाने कळेल, असा इशाराही त्या लेखातच आहे. पुढे २०२० मध्ये हर्श यांनी जाहीरपणे लिहिलं, की हा इंडेक्स सपशेल फसूही शकतो आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात. औषध शोधणाऱ्यानेच दुष्परिणामांची चिठ्ठी बाटलीला चिकटवली, पण दुकानदार ती फाडून बाटली विकतोय, अशातली ही गत.

आता आमच्या क्षेत्रात हा आकडा जास्तच का बिघडतो ते बघू.

पहिलं कारण सहलेखकांचं. जैववैद्यकीय पेपरावर नावांचा क्रम म्हणजे एक सांकेतिक भाषा असते. पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं, शेवटचं ज्याच्या लॅबमध्ये झालं आणि ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचं, आणि मधली नावं बाकीच्यांची. मधल्यांत खरोखर कष्ट केलेलेही असतात आणि फ्रीजमधली एक नळी काढून दिलेलेही असतात. एच-इंडेक्सला ही भाषा येत नाही. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज'चे लॅन्सेटमधले पेपर घ्या. फार उपयोगी काम आहे, मी स्वतः त्यांचे आकडे वापरते. पण लेखक शेकडो, सायटेशन हजारो, आणि ती सगळी प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतात. शंभर रुपये पाचशे जणांत वाटताना प्रत्येकाला शंभर मिळावेत, असा हा हिशेब आहे.

दुसरं कारण पद्धतीच्या पेपरांचं. जगात सर्वांत जास्त उल्लेखला गेलेला पेपर कोणता? 'नेचर'ने २०१४ मध्ये पहिल्या शंभरांची यादी काढली होती. तिच्यात पहिला आहे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याच्या पद्धतीचा. तेव्हाच त्याला तीन लाखांवर सायटेशन होती. दुसरा लेमली यांचा १९७० चा, तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, तेही प्रथिनांच्या रोजच्या कामाचेच. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा पेपर त्या शंभरांत नाहीच. ब्रॅडफर्डची निळी बाटली आमच्याही लॅबमध्ये आहे आणि तिच्यावाचून आमचं पान हलत नाही. पण मिक्सर घरोघरी आहे म्हणून तो शोधणाऱ्याला उत्तम स्वयंपाकी म्हणायचं का? लाउरी स्वतःही त्या पेपराला फार थोर मानत नसत.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. सायटेशन रुग्ण देत नाही, सायटेशन दुसरा संशोधक देतो. त्यामुळे हा आकडा तुमच्या आजाराने किती माणसं मरतात ते सांगत नाही. त्या आजारावर पेपर लिहिणारे किती आहेत, ते सांगतो.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर घ्या. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचं आत्मचरित्र पुष्कळांनी वाचलेलं असेल, म्हणून जीवनकथा सांगत बसत नाही. सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी लाल विंचू चावलेले रुग्ण डोळ्यांसमोर दगावताना पाहिले. धडधाकट माणूस, विंचू चावतो, घामाने थबथबतो, हातपाय गार पडतात, मग फुफ्फुसात पाणी साठतं आणि खेळ संपतो. त्यांनी रुग्णाशेजारी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषाने हृदयावर काय ओढवतं त्याची लक्षणं १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. पुढे रक्तदाबाचं एक साधं, स्वस्त औषध, प्राझोसिन, या रुग्णांना वाचवतं असं त्यांना दिसलं आणि १९८६ मध्ये तीही नोंद लॅन्सेटमध्येच आली. प्राझोसिनच्या आधी मृत्युदर तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात होता, तो एक टक्क्याच्या आसपास आला, असं त्यांच्या लेखनातून दिसतं. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर बरा होतो का, याची रीतसर यादृच्छिक चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. बरा होतो, असं उत्तर मिळालं. ही चाचणी कुठल्या मोठ्या संस्थेत नाही, महाडच्या खाजगी दवाखान्यात झाली.

आता विचार करा, विंचूदंशावर पेपर लिहिणारे जगात किती असतील? भारत, इराण, मेक्सिको, ब्राझील, उत्तर आफ्रिका. सगळे मिळून एका बऱ्यापैकी लग्नाच्या हॉलमध्ये मावतील, असा माझा कयास आहे. स्तनाच्या कर्करोगावर लिहिणाऱ्यांना स्टेडियम पुरणार नाही. दोघांच्या कामाचा दर्जा अगदी सारखा धरला तरी स्टेडियमवाल्याला टाळ्या जास्त पडणारच. त्यात विंचू चावतो कोणाला? भातकापणीला गेलेल्याला, लाकडं गोळा करणाऱ्या बाईला, जमिनीवर झोपलेल्या पोराला. प्राझोसिन जुनं औषध, त्यात कुठल्या कंपनीला रस नाही, म्हणून त्यावर परिसंवाद होत नाहीत आणि आढावालेखही निघत नाहीत. सायटेशनची विहीरच आटलेली. खरा उपयोग होतो आरोग्य केंद्रातल्या ड्युटी डॉक्टरला, जो रात्री दोन वाजता गोळी देतो, रुग्ण वाचवतो, आणि पेपर लिहीत नाही. त्या वाचलेल्या रुग्णाची नोंद स्कोपसमध्ये कुठेच होत नाही.

हे नुसतं एका डॉक्टरवर अन्याय वगैरे नाही. उद्या मी विषय निवडायला बसले आणि माझं भलं चाहणारा कोणी सिनियर म्हणाला, 'सर्पदंश-विंचूदंश राहू दे गं, नॅनोपार्टिकल आणि कॅन्सर घे, सायटेशन पटापट येतात', तर तो चुकीचा सल्ला देत नाहीये. करिअरच्या हिशेबाने अगदी बरोबर सल्ला देतोय. आणि असे बरोबर सल्ले हजारो विद्यार्थ्यांना मिळाले की देशातलं कोणतं संशोधन होणारच नाही, ते ठरून जातं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग आकडे फेकून द्या, तज्ज्ञांना बसवा, त्यांना पेपर वाचून ठरवू द्या. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांची गोष्ट इथे आडवी येते.

पटकीचा जंतू माणसाला मारतो कसा, हे कोड्यात होतं. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्येच विषाची शक्यता बोलून दाखवली होती, पण ते दाखवता आलेलं नव्हतं. डे यांनी १९५३ मध्ये सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले, तर आतडं पाण्याने टम्म फुगलं. १९५९ मध्ये त्यांनी जंतू पूर्ण गाळून काढलेलं द्रावण वापरलं. तरी तोच परिणाम! म्हणजे काम जंतूने सोडलेल्या विषाचं. पानभराचा पेपर, 'नेचर'मध्ये. पटकीत माणूस विषामुळे शरीरातलं पाणी आणि क्षार गमावून मरतो ही आजची समज, आणि त्यामागून आलेलं विषाचं सगळं संशोधन, या पानावर उभं आहे. तरीही डे १९८५ मध्ये वारले तेव्हा भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलेलं नव्हतं. त्या अकादम्यांमध्ये आकडे नव्हते, तज्ज्ञच होते. एच-इंडेक्स तर जन्मालाही आला नव्हता.

आणि त्यांची बाजू कोणी मांडली? यूजीन गारफील्ड यांनी. सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ मध्ये सुरू करणारा हाच तो माणूस. त्यांनी १९८६ मध्ये पटकीच्या संशोधनाचा सायटेशनवरून नकाशा काढला आणि त्यात डे यांची जागा कुठे आहे ते दाखवलं. देशातल्या जाणत्यांना जे दिसलं नाही ते संदर्भांच्या माग काढण्यातून दिसलं. म्हणून मी आकड्यांची शत्रू नाही. पण गारफील्ड यांनी काय केलं ते नीट बघा. कोणी कोणाचा संदर्भ दिला, कधी दिला, कशासाठी दिला, याचा माग त्यांनी काढला. डे यांना 'इतके गुण' असं मार्कशीट दिलं नाही. सायटेशनचा खरा उपयोग वाटाड्यासारखा आहे, तराजूसारखा नाही. त्यातही मधली वर्षं लक्षात घ्या. १९५९ च्या पेपराचं मोल जगाला नीट कळायला दशकभराहून अधिक काळ गेला. आपली बढतीची समिती इतकं थांबते का?

आपल्याकडे आकडा इतका लोकप्रिय का, याचं कारण मला वाटतं वेगळंच आहे. 'साहेबांचा माणूस' या प्रकाराला तो उतारा वाटतो. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारा, ओळखपाळख नसलेला माणूस मुलाखतीला जातो तेव्हा त्याच्या हातात दाखवायला काहीतरी हवं असतं. माझे इतके पेपर, इतकी सायटेशन, आता नाही म्हणून दाखवा. ही भावना मला पूर्ण पटते आणि पाश्चात्त्य देशांतल्या आकडाविरोधी जाहीरनाम्यांमध्ये तिची दखल फारशी दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये ठरलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'डोरा' जाहीरनामा म्हणतो, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका, पेपर वाचा. छान. पण वाचणारा कोण, आणि तो कोणाचा कोण, हा प्रश्न आमच्याकडे आधी येतो.

अडचण अशी, की आकड्याचा नियमही साहेबच लिहितात. मेडिकल कौन्सिलने २०१५ मध्ये वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी पेपर कोणते धरायचे ते ठरवलं. मूळ संशोधनाचेच पेपर धरायचे. पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय. फक्त ऑनलाइन निघणारी जर्नल बाद. आणि मान्य सूच्यांमध्ये पबमेड, स्कोपसच्या पंगतीला 'इंडेक्स कोपर्निकस', जिच्यात पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल सुखाने नांदत होती. नीट बघा काय झालं. लॅब उभी करून विद्यार्थ्याला घडवणारा शेवटचा लेखक शून्यावर. 'प्लॉस मेडिसिन' ऑनलाइन, म्हणून बाद. बावस्करांच्या प्राझोसिनच्या त्या दीड-दोन पानी नोंदीसारखं लिखाणही बहुधा बादच झालं असतं. आणि गल्लीतल्या छापखान्यातून निघणारं 'इंटरनॅशनल' जर्नल पास! भारतातल्या अनेक वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी २०१६ मध्ये एकत्र येऊन याविरुद्ध संपादकीय लिहिलं आणि आपापल्या जर्नलमध्ये छापलं. २०२० मध्ये नियम काहीसे सुधारले. मधल्या वर्षांत ज्यांनी पैसे भरून पेपर छापून घेतले त्यांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. दिवसाला दीडशे रुग्णांची ओपीडी करणाऱ्या सर्जनला 'पेपर नाही तर बढती नाही' म्हटलं की तो पेपर आणणारच, कुठून का असेना.

मग करायचं काय? सगळ्याला पुरेल असं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक साधी गोष्ट आवडली ती सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ पासून अनुदानाच्या अर्जातला बायोडेटा बदलला. पेपरांची लांबलचक यादी देण्याऐवजी संशोधकाने आपली जास्तीत जास्त पाच योगदानं सांगायची. प्रत्येकाला अर्धं पान. प्रश्न काय होता, मी काय शोधलं, त्याचा कोणाला काय उपयोग झाला आणि त्यात माझा स्वतःचा वाटा कोणता. तेव्हाच्या नमुन्यात प्रत्येकाखाली चार पेपरांपर्यंत पुरावा जोडायचा होता. यात थापा मारता येतात का? येतात. पण थाप तपासता येते, कारण ती वाक्यात असते. 'एच-इंडेक्स २३' ही थाप नसते आणि माहितीही नसते.

आमच्या लॅबमध्ये मागच्या महिन्यात जर्नल क्लबच्या जागी आम्ही हेच करून पाहिलं. प्रत्येकाने आपलं एक योगदान अर्ध्या पानात लिहायचं, आकडा एकही वापरायचा नाही. तीन पेपर असलेल्या आमच्या एका मित्राचं सात ओळींत संपलं आणि तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. आमचे टेक्निशियन काका, ज्यांचं नाव आजवर फक्त आभारात छापून आलंय, त्यांना कागद पुरला नाही. मागच्या बाजूला लिहू का, असं विचारत होते.